माठाची कावीळ

पळसटोल्याच्या मारुतीपुढच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मूलहून, गोंडपिपरीहून, पार घुग्घुसच्या खाणीतली ड्युटी सोडून लोक आले होते. बहुतेकांचे डोळे पिवळे. कुणाच्या डोक्यावर हिरव्या काड्यांची माळ टेकलेली, कुणाच्या गळ्यात, कुणाची कमरेपर्यंत आलेली. माळ जितकी खाली, तितका माणसाचा चेहरा खुशीत, कारण वेलवाल्या महाराजांनी तसंच सांगितलं होतं. कावीळ अंगातून खाली उतरते आणि तिच्यासोबत माळही उतरते. माळ पायातून निघाली की रोग जमिनीत गेला.

"ही वेल भामरागडच्या पल्याडच्या पहाडातली," महाराज माइकवरून सांगत होते. "बारा सालात एक डाव उगवते. आपण तिले पाहून राह्यलो असं समजलं, का ती परत जमिनीत जाते."

हे भाषण दर तासाला होई. सकाळी बारा वर्षं असत, दुपारी चौदा. वेल जर बघताक्षणी जमिनीत जाते, तर महाराजांनी पोतंभर काड्या कशा तोडून आणल्या, हे कुणी विचारलं नाही. घरात आजारी माणूस असलं की असले प्रश्न सुचत नाहीत, आणि सुचले तरी गिळले जातात.

मंडपाच्या कडेला वच्छलाबाई सुनेला धरून उभी होती. मयुरीला सातवा महिना चालू होता. तिच्या डोळ्यांत हळद सांडल्यासारखी दिसत होती आणि शेजारच्या घरी भात शिजला तरी तिला उमळून येत होतं. महाराजांनी तिच्या डोक्यावर माळ ठेवली, काहीतरी पुटपुटले आणि अट घातली. माळ अंगावर असेपर्यंत दवाखान्याची गोळी नाही, सुई नाही, सलाइन नाही. सुई टोचली तर वेल कोपेल, आणि मग पोटातल्या जिवाची जबाबदारी महाराजांवर नाही.

वच्छलाबाईनं मान डोलावली.

ती काही अडाणी बाई नव्हती. घरामागच्या वाडीत तिनं तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड, गुळवेल असं सगळं लावलं होतं. लेकराला खोकला झाला की ती अडुळशाची पानं वाफवून रस काढी आणि मधातून चाटवी. पोट दुखलं तर ओवा, चुलीचा चटका बसला तर कोरफडीचा गर. मोहल्ल्यातल्या बाया आधी तिच्याकडे येत आणि साधी दुखणी तिच्या अंगणातच बरी होत. मयुरीची लघवी पिवळी होऊ लागली तेव्हा तिनं आधी गुळवेलीचा काढा दिला. उतार पडेना म्हणून काढा दुप्पट केला, त्यात भुईआवळा घातला. पोरीचं खाणं सुटलं.

उपकेंद्रातल्या दीपिका सिस्टरनं डोळे पाहिले आणि ताबडतोब चंद्रपूरला न्यायला सांगितलं. गरोदरपणातली कावीळ जिवावर बेतते, घरचा काढाही बंद करा, असं तिनं स्पष्ट बजावलं. पण वच्छलाबाईची स्वतःची लेक पहिल्या बाळंतपणात चंद्रपूरलाच गेली होती. तिला न्यायला फार उशीर झाला होता, ही गोष्ट वच्छलाबाईच्या मनातून पुसली गेली होती. मनात राहिला होता तो फक्त दवाखान्याचा जिना, ज्यावरून लेक वर गेली आणि चालत खाली आली नाही. सुनेला त्या जिन्यावर चढवायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मुलगा प्रणित घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर होता. तो फोनवर भांडला, मग रडला, मग सुट्टी मागायला साहेबाकडे गेला. इकडे माळ मयुरीच्या डोक्यावरून गळ्यात आली. वच्छलाबाईनं मारुतीला नारळ फोडला.

त्याच आठवड्यात शेजारचे रामाजी बरे झाले, म्हणजे त्यांची माळ पायातून निघाली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मंदिराला फेरी घातली. खांद्यावर त्यांची मान नीट उभी राहत नव्हती, पण ढोलाच्या आवाजात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरी आल्यावर ते असंबद्ध बोलू लागले, नाकातून रक्त आलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. रामाजींनी चोरून कोंबडीचा रस्सा खाल्ला असेल, म्हणून वेल कोपली, असं महाराजांनी जाहीर केलं. मंडपातली गर्दी तेवढीच राहिली.

आशाबाई, रामाजींची बायको, काही दिवस सुतकात घरीच होती. मग ती नवऱ्याची माळ पदराखाली घेऊन शाळेत गेली. रंजीता मॅडम तिथे विज्ञान शिकवत. वर्गातली निम्मी मुलं आजारी होती म्हणून त्या घरोघर फिरल्या होत्या, मंडपात उभं राहून दवाखान्यात जा असं सांगितलं होतं, आणि लोकांनी त्यांना हात धरून बाहेर काढलं होतं. आशाबाईनं माळ त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, माह्या माणसाच्या तोंडात घोटभर पाणी जात नव्हतं. तो रस्सा कुठून खाईन?" ती म्हणाली. "माळ तं पायातून निघाली होती. मंग माणूस काऊन गेला?"

मॅडमनी माळेची एक गाठ सोडली. मग दुसरी. मग त्या आशाबाईला घेऊन थेट वच्छलाबाईच्या घरी आल्या, कारण तिथे गरोदर मयुरी अशीच माळ घालून होती.

वच्छलाबाईनं त्यांना अंगणातच थांबवलं. दवाखान्याचं नाव काढायचं नाही, अशी तिनं आधीच तंबी दिली. मॅडम म्हणाल्या, नाव काढत नाही, फक्त तुमच्या अडुळशाच्या चार ओल्या फांद्या द्या. अडुळशाचं नाव ऐकताच वच्छलाबाईची नजर खाली गेली. महाराजांच्या माळेतली काडी तिनं पहिल्याच दिवशी ओळखली होती. तीच पेरं, तोच वास. इतकी वर्षं जी फांदी हातानं तोडली ती काय ओळखू येणार नाही? पण अडुळसा चांगला, गुणाचा, हे तिला ठाऊक होतं. महाराजांनी त्यावर मंत्र घातला म्हणजे तो आणखी गुणाचा झाला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

मॅडमनी फांद्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि रामाजींच्या माळेत होती तशीच गाठ मारत एकेक तुकडा दोऱ्यात आवळून बसवला. माळ तयार झाली. वच्छलाबाईचा एक जुना, रिकामा माठ अंगणातल्या चुलीजवळ पालथा घालून त्याच्या बुडावर त्यांनी ती माळ ठेवली. डोक्यावर ठेवतात तशीच ती वरच्या वर टेकून राहिली.

"मी काहीच म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त पाहा. पण काकू, पोरीकडे पण पाहा."

वच्छलाबाईनं माठाकडे पाहायचं नाही असं ठरवलं. तरी चुलीत लाकूड सारताना डोळा तिकडे जाईच. ऑक्टोबरचं ऊन होतं, चुलीची धग होती. संध्याकाळी काड्यांचा हिरवा रंग मळकट झाला. सकाळी ती चहा ठेवायला आली तेव्हा माळ माठाच्या पोटावरून घसरून जमिनीवर पडलेली होती, माठाभोवती सैल कडं होऊन.

मग आतून मयुरीनं हाक मारली. आवाज एवढा बारीक होता की वच्छलाबाईला आधी वाटलं बाहेर कुणी बोलतंय.

"आई, पोटातलं हालून नाई राह्यलं."

मयुरीची माळ छातीच्या खाली आली होती. महाराजांच्या हिशेबानं ती अर्धी बरी झाली होती. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि वच्छलाबाई जवळ गेली तेव्हा तिनं विचारलं, तुम्ही कोण.

वच्छलाबाईनं विळा आणला आणि माळ कापून टाकली. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन ती आशाबाईच्या नावानं ओरडत राहिली. आशाबाईनं मॅडमना बोलावलं, मॅडमनी एकशे आठला फोन लावला. गाडी यायला वेळ लागला. तेवढा वेळ वच्छलाबाई एकच वाक्य बोलत होती, की मले समजलं होतं, तो अडुळसाच होता, मले समजलं होतं.

प्रणित घुग्घुसहून मोटारसायकलवर थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचला. अंगावरची कोळशाची धूळही त्यानं झटकली नव्हती. वच्छलाबाई त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिली आणि तो वरखाली करत राहिला.

बाळ मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. मयुरी बरेच दिवस शुद्धीच्या अल्याडपल्याड होती, रक्ताच्या पिशव्या चढत होत्या, आणि एका दुपारी तिनं प्रणितकडे भात मागितला. ती वाचली. डॉक्टरांनी दोघा मायलेकांना बसवून सांगितलं की ही कावीळ घाण पाण्यातून येते. धडधाकट माणसं आराम आणि सांभाळून खाण्यानं बहुतेक वेळा आपोआप बरी होतात, मग माळ घालो की न घालो. काहींचं यकृत मात्र हात टेकतं, आणि गरोदर बाईला धोका सगळ्यात मोठा. त्या वेळी माळही कामाची नाही आणि काढाही नाही, उलट आजारी यकृताला काढ्याचं ओझंच होतं. आणखी आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणू लागले, आणि वच्छलाबाईचा चेहरा पाहून थांबले.

गावी परतल्यावर ती घरात गेलीच नाही. चुलीजवळचा माठ आणि त्याभोवतीची माळ उचलून ती मंडपात गेली. मागे आशाबाई, रंजीता मॅडम आणि प्रणित. महाराज माइकवर होते, वेल चौदा वर्षांची झाली होती. वच्छलाबाईनं माठ त्यांच्यापुढे ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"महाराज, ही माळ माह्या माठावर होती. एका रातीत खाली उतरली. या माठाले कवापासून कावीळ होती?"

गर्दीत कुणीतरी हसलं. मॅडमनी माळ वर धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी एक गाठ सोडून दाखवली. काडी ओली असते तेव्हा फुगलेली असते, दोऱ्याचा वेढा तिच्याभोवती घट्ट बसतो. काडी सुकली की बारीक होते. वेढा ढिला पडतो आणि त्यात अडकलेला दोरा थोडा थोडा सुटतो. एका काडीत नखभर सुटला तरी सगळ्या काड्यांचा मिळून हातभर होतो. माणूस श्वास घेतो, हलतो, वजनानं माळ लांबत जाते. ती बऱ्या होणाऱ्याच्या गळ्यात लांबते, मरणाऱ्याच्या गळ्यात लांबते आणि माठावरही लांबते. भामरागडच्या पहाडात जायची गरज नाही, शाळेच्या कुंपणावरचा अडुळसा कुणी छाटला ते जाऊन पाहा, असंही त्यांनी सांगितलं.

महाराजांनी घाम पुसला. "माठ पाण्याचा हाय," ते म्हणाले. "त्यातल्या पाण्यालेच कावीळ असन. तेच उतरलं."

"हे तुम्ही पहिल्यांदा खरं बोललात," रंजीता मॅडम म्हणाल्या. "कावीळ पाण्यातूनच आली आहे."

मग मंडपात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. कुणी महाराजांच्या अंगावर धावून गेलं, कुणी माळा ओरबाडून फेकल्या, आणि काहीजण गळ्यातली माळ तशीच धरून बसले, कारण ती सोडली तर धरायला दुसरं काही नव्हतं. प्रणितनं मारहाण होऊ दिली नाही. त्यानं पोलीस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, आणि आशाबाईनं खाली आपला अंगठा उठवला. ज्यांचे डोळे पिवळे होते त्यांना दीपिका सिस्टरनं तपासून गाड्यांत बसवलं. त्यातले दोघे अगदी वेळेवर पोचले म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी गावानं नळाची लाइन उकरली. मंडपापासून थोड्याच अंतरावर, नालीच्या खाली, पाइप जोडावर फुटलेला होता. पाणी बंद केलं की त्या भेगेतून नालीतली घाण आत ओढली जाई आणि नळ सोडला की घरोघर पोचे. मंडपातले लोक वेल उतरण्याची वाट पाहत हेच पाणी पीत होते. वच्छलाबाई खड्ड्याच्या काठावर उभी राहून त्या काळ्या चिखलाकडे पाहत होती. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. मयुरीला घरी पाणी उकळून द्यायचं आहे, एवढंच ती आशाबाईला म्हणाली.

घरच्या वाडीतला अडुळसा खोकल्याला जरूर वापरावा. तो चांगलाच आहे, त्यानं कुणाचं वाईट केलेलं नाही. पण डोळे पिवळे झाले, अन्न सुटलं, माणूस भ्रमात बोलू लागला, तर वाडीतून बाहेर पडून दवाखाना गाठावा, आणि बाई गरोदर असेल तर डोळे पिवळे दिसताच त्याच दिवशी. पाणी उकळून प्यावं. कुणी चमत्कार दाखवला तर तो आधी एखाद्या माठावर करून पाहावा. आशाबाईनं जसा 'काऊन'चा प्रश्न नवरा गेल्यावर विचारला, तसा पहिली माळ गावात आली त्याच सकाळी कुणीतरी विचारायला हवा होता. तो विचारायला शाळा लागत नाही, की पैसा लागत नाही. तेवढा तो विचारला गेला असता, तर रामाजी आज घरी असते, आणि मयुरीच्या मांडीवर लेक असती.