शेजाऱ्याचा कांदा

"अहो, निदान वर तरी बघा!" काकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

तात्यांनी वर बघितलं, पण ढगांकडे नव्हे, त्यांच्याही वर. "तो बघतोय ना. आमेन," म्हणत त्यांनी सदऱ्याचं शेवटचं बटण लावलं.

रविवार होता. काढलेला कांदा रानात सुकायला पडला होता आणि पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट झालं होतं. कांदा भिजला की सडणार आणि सडला की वर्ष गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण रविवारी तात्या शेतात पाय टाकत नसत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एकदाही नाही. जेवण झालं, आमेन. बैल आजारी पडला, आमेन. गावानं त्यांचं नावच आमेनतात्या पाडलं होतं.

"मग मी एकटी जाते. ताडपत्री घेते नि जाते."

"जा की. पण मी देवाला काय सांगू? बायको आवरता आली नाही म्हणून?"

"सांगा, बायको उपाशी मरायला तयार नव्हती."

तोंडाचा पट्टा असा चालला, तरी काकू गेल्या नाहीत. खरं तर त्यांना धीर झाला नाही. गेल्या साली गारांनी पीक झोडपलं तेव्हा काकू चुलीपुढे रडत बसल्या, आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना करून नांगर घेऊन निघाला. धाकटी लेक गेली तेव्हाही तेच. त्या आमेनवरच आपलं घर उभं आहे, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. फक्त नवऱ्याला तसं सांगायची त्यांची तयारी नव्हती. डोक्यावर चढून बसला असता.

चर्चमध्ये कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांचा कांदा रानात होता, पाळकसाहेबांचासुद्धा. ते दर दोन वाक्यांनी खिडकीबाहेर बघत होते. उजव्या बाकावर तात्या, डाव्या बाकावर अण्णा. दोघांची रानं एकमेकांना लागून, आणि बांधावरच्या एका झाडापायी सहा वर्षं बोलणं बंद. एकाच देवाचं गाणं दोघं गात, ते एकमेकांकडे पाठ करून.

काकू मधेच उभ्या राहिल्या. "पाळकसाहेब, एक शंका आहे. रविवारी शेजाऱ्याचा बैल विहिरीत पडला, तर काढायचा का सोमवारची वाट बघायची?"

पाळकांनी तोंड उघडायच्या आत तात्या गरजले, "काढायचाच! हा काय प्रश्न झाला? आमेन!"

"मग शेजाऱ्याचा कांदा?"

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "स्वतःचं काम आज बंदच," ते म्हणाले, "पण शेजाऱ्याचं करू नये, असं कुठं लिहिलंय? शेवटचं गाणं पुढच्या रविवारी."

काकूंचा बेत साधा होता. तात्यांनी लोहाराच्या रानात जायचं, लोहारानं त्यांच्या. पण नेमकं लोहारानंच विचारलं, "शेजारी म्हणजे कोण धरायचा?"

"ज्याचा बांध आपल्या बांधाला लागतो तो," म्हणत पाळकसाहेब दाराबाहेर पळालेसुद्धा.

काकूंनी डाव्या बाकाकडे बघितलं. म्हणजे अण्णा! तो कांदा गोळा करणार, का तुडवणार?

तात्यांचा चेहरा उतरला. पण आमेन स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं होतं, आणि त्यांनी एकदा म्हटलेलं आमेन मागे घेतलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाह्या सारून ते अण्णाच्या रानात शिरले, मागोमाग काकू. तोंड फिरवून अण्णा त्यांच्या रानात गेला.

काकू वाकून कांदा वेचत होत्या, पण डोळे बांधापलीकडे होते. अण्णा एकेक कांदा हळूच उचलत होता, सडका दिसला की बाजूला टाकत होता. ते बघून तात्याही सडके निवडायला लागले. समोरच्याला नाव ठेवायला जागा द्यायची नाही, या ईर्ष्येनं दोघं असे राबले, जसे स्वतःच्या रानात कधी राबले नसतील.

ढीग लागले आणि टपोरे थेंब पडायला लागले. अण्णा एकदम घराकडे धावत सुटला.

"बघा, पळाला!" काकू ओरडल्या. "पाळकांना सांगते मी!"

अण्णा परत आला तो काखेत कोरी ताडपत्री घेऊन. ती त्यानं तात्यांच्या ढिगावर अंथरली, चारी बाजूंनी दगड ठेवले, आणि इकडे न बघताच निघून गेला. स्वतःचा ढीग उघडाच होता.

"अगं, आपली ताडपत्री आण," तात्या म्हणाले.

"कुणाच्या कांद्यावर?"

"विचारतेस काय? पळ!"

काकू पळाल्या. त्यांना हसू येत होतं, रडूही येत होतं.

तीन दिवस पाऊस कोसळला. दोन्ही ढिगांतला एकही कांदा भिजला नाही. पुढे तो बाजारातही गेला. पण अण्णाची ताडपत्री अजून तात्यांच्या पडवीत आहे, आणि तात्यांची अण्णाच्या. परत करायची तर बोलावं लागेल.

काकू रोज पाठी लागतात, "अहो, जा की आता!"

"रविवारी बघू," तात्या म्हणतात.

आणि रविवार उजाडला की सदऱ्याचं बटण लावत सांगतात, "आज स्वतःचं काम बंद. आमेन."