कुत्र्याची की बिबट्याची

बायकोने वाळलेल्या विष्ठेचा तुकडा ट्रेमध्ये चिमट्याने फोडला, तेव्हा मास्तर शेजारच्या टेबलावर सशाच्या लेंड्या निवडण्याचं सोंग करत होते. वन्यप्राण्यांच्या सर्वेक्षणात त्यांची हयात गेली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. विष्ठेवरून प्राणी ओळखायला त्यांनीच तिला लग्नानंतर शिकवलं. आता वनखात्याचे साहेब नमुन्याची पिशवी घेऊन आले की थेट तिच्या टेबलाशी जात. तुकडीप्रमुखाची रिकामी जागाही तिलाच मिळणार, हे भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. मास्तरांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

विष्ठा टेकडीच्या पायवाटेवर सापडली होती. कुत्र्याची असेल तर वाट लोकांना खुली करायची, बिबट्याची असेल तर बंदच ठेवायची. तुकड्यात प्लास्टिकच्या पिशवीच्या चिंध्या निघाल्या.

"कुत्र्याची आहे," ती म्हणाली. "बिबट्या कशाला प्लास्टिक खाईल?"

तिच्या टेबलाशी उभ्या साहेबांनी सवयीने मास्तरांकडेही पाहिलं. मास्तर येऊन ट्रेवर वाकले. केसांच्या गुंत्यात एक बोथट नख अडकलं होतं. कुत्र्याचं. उकिरड्यावर पोसलेला कुत्राच बिबट्याने गट्टम केला होता, पोटातल्या प्लास्टिकसकट. मास्तरांच्या मनात उकळ्या फुटल्या. होऊ दे वाट खुली, दिसू दे कुणाला तरी बिबट्या लांबून. मग कळेल साहेबांना.

"ती म्हणते तेच," ते म्हणाले आणि पुन्हा सशाकडे वळले.

दुपारभर ते शीळ घालत होते. बायकोसाठी चहासुद्धा त्यांनीच केला.

संध्याकाळी ती नमुना चाळणीत धुऊन परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. नख तिच्या हाती लागलं होतं. तिथूनच साहेबांना फोन करून तिने चूक कबूल केली होती, वाट बंदच राहणार होती. इतक्या सहज चूक कबूल करता येते, याचाही मास्तरांना हेवा वाटला.

ती त्यांच्यासमोर बसली.

"तुम्ही वाकून बघितलंत ना? तुम्हाला दिसलं होतं ते नख?"

हो म्हणावं, तर गप्प का बसलात हे आलंच. नाही म्हणावं, तर ज्या नजरेवर आयुष्य काढलं तिलाच बट्टा. मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"नाही," ते म्हणाले. "नाही दिसलं."

तिचा चेहरा एकदम निवळला.

"बरं झालं. माझ्या मनात भलतंच आलं होतं." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "उद्या तुमचे डोळे दाखवून येऊ. तोवर तुमच्या टेबलावरचे नमुनेही मीच बघत जाईन."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.