साडूंच्या पांढऱ्या पेशी

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात लोटनच्या मोठ्या आतड्याला व्रण पडले. पाडणाऱ्या होत्या त्याच्याच पांढऱ्या पेशी. जंतू नसतानाही त्या तिथे गोळा होत आणि घरचीच नासधूस करत. त्यांना आवरायला जळगावच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, पण महिना उलटला तरी रक्त पडायचं थांबेना.

"आता मुंबईला जाऊन आतडंच काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. लोटनने पोटावर दोन्ही हात ठेवले, जणू कोणी आत्ताच काढून नेतंय.

प्रयोगशाळेतला सुकदेव नुकताच एम.एस्सी. झालेला. "सर, गोळी पेशींवर चालते का, ते आधी बघू." हातावर जरासं खरवडायचं आणि वर काच बांधायची, धावून आलेल्या पेशी काचेला चिकटतात. गोळी लागू पडली असेल तर कमी येतात. ताडून बघायला धडधाकट माणूस हवा होता. लोटन धरणगावला सासरी मुक्कामाला होता. तिथला घरजावई, त्याचा साडू कौतिक, तोच आला.

"मन्या पेशी जास्ती पयतीन," कौतिक शर्यत लागल्यासारखा ऐटीत म्हणाला.

"तुन्या? जेवाले बलाव, मंग पयतीन," लोटन म्हणाला.

सुकदेवने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लोटनची काच जवळजवळ ओसाड हवी होती, कौतिकची गच्च भरलेली. दोन्ही सारख्याच, अर्ध्यामुर्ध्या! काचा बदलल्या की काय? त्याने वर पाहिलं. दोन्ही साडूंचे गालही सारखेच फुगलेले, स्टेरॉइडने फुगतात तसे.

"कौतिकभाऊ, औषध कोणतं घेता?"

"मी काय आजारी शे?" कौतिक चिडला. "सासूबाई टॉनिक देस, तेवढंच."

सासूबाई, म्हणजे तानुबाई, बाहेर बाकावर बसल्या होत्या. लोटनच्या गोळ्यांची डबी त्यांच्याच पिशवीत.

"गोया खाईसन लोटनना गाल भरनात," त्या म्हणाल्या. "मंग निम्म्या कौतिकले. एक जवाईले देवो आन् दुसराले नही, लोक काय म्हनतीन?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. लोटनला पूर्ण गोळ्या सुरू झाल्या. कौतिकच्या एकदम बंद करणं धोक्याचं, म्हणून हळूहळू कमी केल्या. आपला मान घटतोय असं वाटून तो दरवेळी रुसला.

थंडी पडेपर्यंत लोटनचं रक्त थांबलं, मुंबई टळली. मळ्यात वांग्याच्या झणझणीत भरताची पंगत बसली. लोटनपुढे डॉक्टरांनी सांगितलेला बिनतिखटाचा मऊ भात आला. त्याने सासूकडे नुसतं पाहिलं.

तानुबाई उठल्या, कौतिकपुढचं भरीत उचललं आणि तिथेही भात वाढला.