न सुटणारा फिल्टर

मित्रांनो, उमापूरच्या शिवेजवळ दगडाबाईंचं घर आहे. त्या घरासमोर पत्र्याच्या सावलीत एक जुनी पिकअप गाडी उभी असते. ती मी. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता दाराला गंज चढला आहे, एक आरसा सुतळीने बांधलेला आहे आणि मागच्या हौद्याला मेंढ्यांचा वास कायमचा चिकटला आहे. त्या वासाची मला लाज वाटत नाही.

कारखान्यातून मी गेवराईला अमरसिंह नावाच्या बागायतदाराकडे आले. मोसंबीची कॅरेट वाहून नेली, मोठमोठे बाजार पाहिले. दसऱ्याला माझ्या कपाळावर झेंडूची माळ असायची. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी हरिबांच्या दारी आले. हरिबा म्हणजे दगडाबाईंचे मालक, मेंढ्या राखणारे. तेल-पाणी पाहिल्याशिवाय ते चावी फिरवत नसत. सून मोहिनी हिलाही त्यांनीच गाडी शिकवली. ते गेले आणि माझी विचारपूस थांबली. त्यांचा मुलगा बजरंग मला राबवायचा खूप, पण गंजक्या पिंपातलं डिझेल तसंच टाकीत ओतायचा.

त्या डिझेलमधला गाळ अडवतो तो माझा फिल्टर. इंजिनाशेजारी, वरच्या बैठकीला खालून आट्यांवर फिरवून बसवलेला एक पत्र्याचा डबा. तो तुंबत चालला होता. चढ आला की मला धाप लागायची. बजरंगने नवा फिल्टर आणला, पण जुना काही सुटेना. बॉनेटवरून वाकून त्याने बाटलीचं झाकण फिरवावं तसा जोर लावला, हात सोलवटून घेतले आणि शेवटी नवा फिल्टर सीटमागे टाकून दिला. "चालतीय तवर चालू दे," एवढंच म्हणाला.

मी चालत राहिले. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र माझा श्वास कोंडला.

बजरंग कळप घेऊन लांबच्या माळावर गेला होता. तिथे चारा होता, पाणी नव्हतं. मोहिनी रोज माझ्या हौद्यातल्या टाकीत पाणी भरून तिकडे न्यायची. त्या दिवशी सकाळी टाकी भरली, तिने चावी फिरवली. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले. तेवढ्यात बजरंगचा फोन आला. माळावरचं पाण्याचं पिंप कोरडं पडलं होतं, नुकत्या व्यालेल्या मेंढ्यांचं दूध आटत होतं आणि कोकरं ओरडत होती.

मोहिनीने मिस्त्रीला फोन लावला. तो अंबाजोगाईला गेला होता, उद्या येणार होता. शेजारच्या विठ्ठलरावांचा टँकर संध्याकाळी मोकळा होणार होता. तोवर दम धर, असं त्यांनी सांगितलं.

दगडाबाई म्हणाल्या, "या उनात संध्याकाळपातूर कोकरं न्हाई टिकायची."

मोहिनीने पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

आधी तिने डब्याला फडकं गुंडाळून हाताने जोर लावला. मग मेंढीचं दावं गुंडाळून त्यात काठी घातली. डिझेलने ओल्या पत्र्यावरून दावं घसरलं. तिने चुलीतली राख आणून डब्याला चोळली. आता दावं घसरत नव्हतं, पण डबाही हलत नव्हता. ती थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

मग तिने सीटवरची पाण्याची बाटली घेतली, घट्ट झाकणासकट उलटी धरली आणि वरून बघत बघत ते झाकण सोडवलं. पाणी तिच्या पायावर सांडलं. तिचा हात मात्र हवेतच राहिला.

"आत्या, फिल्टर खालून बसिवलेलाय," ती सासूला म्हणाली. "वरून बघितलं तर उलट्या अंगानं फिरवाय लागतंय. आपन आवळीतच होतो की."

बजरंगनेही तेच केलं होतं. त्याच्या दणकट हातांनी तो डबा जणू बैठकीत रुतवून ठेवला होता. दिशा कळली तरी तो सुटेना. तेव्हा मोहिनीने लांब स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी काढली. डब्याला आरपार भोक पाडून त्या स्क्रू ड्रायव्हरचाच दांडा करायचा आणि डबा फिरवायचा, असा तिचा विचार होता.

दगडाबाईंनी तिचा हात धरला. "भोक पडलं अन सुटलंच न्हाई, तर गाडी मुळीच चालायची न्हाई."

"आताबी कुटं चालतीया, आत्या?"

दगडाबाईंनी हात सोडला आणि खाली घमेलं धरलं.

डबा फुटला, काळं डिझेल घमेल्यात सांडलं. मोहिनीने दांड्यावर भार टाकला, तसा पत्रा टराटरा फाटला. तिच्या बोटांची सालं निघाली. तिने चिंधी बांधली, छन्नी घेतली आणि डब्याच्या वरच्या जाड काठावर तिरके ठोके मारू लागली. प्रत्येक ठोका माझ्या अंगभर घुमत होता. आणि मग आतून बारीकसा कुरकुर आवाज आला. काठ केसभर सरकला. डबा सुटून हातात येईपर्यंत तिने छन्नी थांबवलीच नाही.

बैठकीला चिकटलेलं जुनं रबर तिने खरवडून काढलं, बैठक पुसली. सीटमागे पडलेल्या नव्या फिल्टरच्या रबराला डिझेलचं बोट लावलं आणि तो नुसत्या हाताने घट्ट बसवला. बैठकीवरचा डिझेलचा छोटा हातपंप दाबत राहून आतली हवा काढली. मग चावी फिरवली. मी अडखळले, थरथरले आणि सुरू झाले.

माळावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माझा आवाज ओळखून मेंढ्या धावत आल्या. कोकरं पाय टाकायलाही दमली होती, पण सगळी उभी होती. त्यांचं पिणं झाल्यावर बजरंगने बॉनेट उघडलं. त्याने नवा फिल्टर पाहिला, मग मोहिनीची चिंधी बांधलेली बोटं पाहिली.

"कोन्या अंगानं फिरीवलं?" त्याने हळूच विचारलं.

मोहिनीने हवेत हात फिरवून दाखवला. तो ओशाळून हसला. "म्हंजी मीच जाम केलता म्हन की." मग फिल्टर पुन्हा आवळायला त्याने पाना उचलला. मोहिनीने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. हातानं बसलाय तेवढा बास हाय."

मित्रांनो, आम्हा यंत्रांची वेळच्या वेळी विचारपूस करा, आमच्या पोटात गाळ साचू देऊ नका. आणि जे काही घट्ट बसवाल, ते एवढंच घट्ट बसवा, की उद्या गरज पडली तर दुसऱ्या कुणालाही ते सोडवता यावं.