तिरक्या फटी

ओसाकाच्या फुसे वस्तीत, भाजीबाजाराच्या मागच्या सभागृहाच्या माडीवर, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शोधमंडळाची बैठक भरत असे. घरगुती उपयोगाच्या लहानसहान वस्तू शोधून काढायच्या, त्यांची पेटंटं घ्यायची, हा मंडळाचा उद्योग. छत्री करणारे, शिंपी, गृहिणी, निवृत्त कारकून, कुणीही यावं. सुमिए कातागिरी गेली पंधरा वर्षं येत होती. ती शाळेत सुलेखन शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत, आणि अक्षर मोत्यासारखं म्हणून मंडळाचं चार पानी मासिक काढण्याचं कामही तिच्याकडेच होतं.

पंधरा वर्षांत बाईंनी अकरा अर्ज केले होते. आठ नामंजूर झाले. तीन मंजूर झाले, पण त्या वस्तू बनवायला एकही कारखानदार पुढे आला नाही.

आणि ही ओरिए नुकाता! टोफूवाल्याची बायको. मंडळात येऊन पाच वर्षं झाली नाहीत, पहिलाच अर्ज, आणि तिची वस्तू आता बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात दारावरच टांगलेली. फिकट हिरव्या प्लास्टिकची अर्धचंद्रासारखी पट्टी. तांदूळ धुऊन पाणी ओतताना ती भांड्याच्या काठाला धरायची. पाणी फटींतून निघून जातं, दाणे आत राहतात. बस, एवढंच. बाई त्या दुकानावरून जाणं टाळू लागल्या होत्या. मुळा आणायला त्या आता दोन गल्ल्यांचा वळसा घालून जात.

ओरिएने मंडळातल्या प्रत्येकाला एकेक पट्टी भेट दिली होती. बाईंची अजून कागदातच होती.

त्या रविवारी बाई बैठकीला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक जाड लिफाफा होता. ओरिएचा अर्ज राजपत्रात छापून आला होता, आणि छापल्यापासून दोन महिने कुणालाही हरकत घेता येते. ती मुदत मंगळवारी संपत होती. लिफाफ्यात सहा पानांचं हरकतपत्र होतं, बाईंनी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात सुंदर अक्षर. सोबत मंडळाच्या मासिकाचा चार वर्षांपूर्वीचा एक अंक. त्याच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात हीच पट्टी होती, फटींसकट. अर्ज करण्याच्या आधी वर्षभर ती लोकांसमोर आलेली होती. म्हणजे ती नवी नव्हती, आणि नवी नाही त्या वस्तूचं पेटंट मिळत नाही. पत्र सोमवारी सकाळी रजिस्टर केलं की मंगळवारी टोकियोच्या कचेरीत. मग ओरिएची पट्टी कुणीही बनवावी, कुणीही विकावी.

‘मी काही खोटं लिहिलेलं नाही,’ बाईंनी जिना चढताना स्वतःला चौथ्यांदा सांगितलं.

माडीवर चहाचे पेले फिरत होते. हिराबारी आजोबा, जन्मभर छत्र्या केलेले, ओरिएची थट्टा करत होते.

“काय गं, आता टोफू महाग करणार की काय? मोठी माणसं झालात तुम्ही!”

“अहो आजोबा, नवरा अजून पहाटे चारला लाथ मारून उठवतो मला. म्हणतो, पट्टीवाल्या बाईसाहेब, सोयाबीन वाटायचंय.”

सगळे हसले. बाईही हसल्या, ओठांपुरत्या. तिचे ते लालबुंद, भेगा पडलेले हात, तो तळलेल्या तेलाचा वास, आणि सगळे कसे तिच्याभोवती गोळा झालेले! आपला आठवा अर्ज मंजूर झाला तेव्हा हिराबारींनी नुसतं “बरं झालं” म्हटलं होतं आणि बिस्किटाची ताटली पुढे सरकवली होती, हे बाईंना लख्ख आठवत होतं.

“चार शब्द बोल,” मंडळाचे सल्लागार उदागावासाहेब म्हणाले. ते पेटंटचे वकील होते, वय अठ्ठ्याहत्तर, आणि फी म्हणून फक्त चहा घेत.

ओरिए उभी राहिली आणि तिने एकदम बाईंकडे बोट केलं. “हे सगळं कातागिरीबाईंमुळे झालं.”

बाईंनी पेला खाली ठेवला.

“मला चित्र काढता येत नाही. मासिकासाठी टोफूच्या कागदावर मी सरळ फटी काढून दिल्या होत्या. मासिक आलं तेव्हा बघते तर बाईंनी फटी तिरक्या काढलेल्या! म्हटलं, बाई तोंडावर बोलत नाहीत, पण चूक सुधारून देतात. सरळ फटींत दाणे अडकायचे किंवा निसटायचे. तिरक्या केल्या आणि दाणे आतच राहिले. अर्जात सगळा भर त्या तिरकेपणावरच आहे.”

टाळ्या पडल्या. तिरक्या? मासिक छापायचं ते मेणकागदावर कोरून. कागदाखाली कानशीसारखी खरखरीत लोखंडी पाटी, आणि हातात टोकदार लेखणी. पाटीच्या रेघांच्या दिशेने सरळ रेघ मारली की मेणकागद फाटतो. म्हणून जवळजवळच्या रेघा जरा कलत्या मारायच्या, हे हाताला इतकं सवयीचं की बाईंना ते आठवतही नसे. ना त्यांनी काही सुधारलं होतं, ना विचार केला होता. उलट ते चित्र कोरताना त्यांच्या मनात आलं होतं, ही कसली वस्तू, चाळणी अर्धी कापली की झालं.

टाळ्या थांबल्या. उदागावासाहेबांचा चेहरा मात्र उतरलेला होता.

“मासिकात आलं होतं? अर्जाच्या आधी?”

“हो. का?”

“अगं, लोकांना आधी दाखवलं आणि मग अर्ज केला, तर हक्क जातो. पहिल्याच दिवशी शिकवतो मी हे सगळ्यांना.”

“पहिल्या दिवशी मी आलेच नव्हते. दुकानात गर्दी होती.”

ओरिए मटकन खाली बसली.

“मग आता?”

“आता काय. असले चार पानी कागद कचेरी कुठून पाहणार? कुणीतरी तो अंक पुराव्याला लावून हरकत घेतली तरच. मुदत मंगळवारपर्यंत.”

“तो अंक आहे तरी कुणाकडे?” हिराबारींनी विचारलं. “मी तर त्यात वाळके मासे बांधून ठेवतो.”

“सगळे अंक फक्त बाईंकडे असतात,” कुणीतरी म्हणालं.

“बाईंकडे ना!” हिराबारी म्हणाले. “मग काय चिंता? ओरिए, पी चहा. मला वाटलं, शत्रूच्या हातात पडलाय की काय.”

पुन्हा हसू फुटलं. बाईंनी पिशवी पायापाशी ओढून घेतली. बैठक संपताच त्या कुणाची वाट न पाहता जिना उतरल्या.

परतीच्या वाटेवर ओरिए मागून धावत आली.

“बाई, रागावलात का माझ्यावर? तोंडातून निघून गेलं सगळं.”

“ओरिए,” बाई थांबल्या. “मी काही सुधारलं नव्हतं. सरळ रेघांनी मेणकागद फाटतो. म्हणून तिरक्या. बाकी काही नाही.”

ओरिए तोंडावर हात ठेवून पोटभर हसली.

“कागद फाटू नये म्हणून! आणि मी बापडी आठ दिवस बसून...”

“आठ दिवस काय?”

“चित्र चुकलंय असंही वाटलं होतं ना मला. म्हणून दोन्ही करून पाहिल्या, जुन्या डब्याच्या पत्र्यातून. एक सरळ, एक तिरकी. आठ दिवस दोन्हींनी तांदूळ धुतले आणि पडलेले दाणे मोजले. नवरा म्हणाला, बायको वेडी झाली. तुम्ही नाही का करत असं, अर्ज करण्याआधी?”

“उशीर होतोय,” बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी लिफाफा मेजावर ठेवला आणि ओरिएच्या पट्टीचा कागद फाडला. मनाशी ठरवलं, एक दाणा पडू दे, एकच, उद्या पत्र टाकायचं. तीन मापं तांदूळ घेतले, पट्टी काठाला धरली, पाणी ओतलं. दुधासारखं पाणी मोरीत गेलं. दाणा नाही. दुसरं पाणी. नाही. तिसऱ्या वेळी बाईंनी भांडं चांगलंच कलंडवलं, आणि एक दाणा उडून मोरीत पडला.

बाई त्या दाण्याकडे पाहत राहिल्या. घरात त्या एकट्याच होत्या, पण कान गरम झाले. मनगट कुणी झटकलं होतं, ते त्यांना चांगलं माहीत होतं. बोटाच्या टोकावर दाणा उचलून त्यांनी परत भांड्यात टाकला.

मग त्यांनी खालचा खण उघडला. त्यात त्यांचा अकरावा अर्ज होता, ओल्या काड्या आपोआप वाळवणारी जेवणाच्या काड्यांची डबी. नकाशा सुरेख, वर्णन सुरेख, तळाला पाणी गळायला भोक. नमुना करून आणला होता तसाच होता, आत एकदाही ओली काडी गेलेली नव्हती. बाईंनी पाच जोड धुतले, तसेच निथळते डबीत उभे केले, आणि भात शिजेपर्यंत समोर बसल्या.

पाणी गळालंच नाही. काड्यांची टोकं नेमकी भोकावर जाऊन बसली होती.

बाईंना रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. आला तो राग, आणि तो ओरिएचा नव्हता. पंधरा वर्षं, आणि एका काडीलाही विचारलं नाही आपण!

त्यांनी लिफाफा फोडला. चार वर्षांपूर्वीचा अंक काढून कपाटात त्याच्या जागी, आधीच्या आणि नंतरच्या अंकांच्या मधे घट्ट सरकवला. हरकतपत्राची सहा पानं उरली. एका बाजूने मोत्यासारखं अक्षर, पाठ कोरी. कोरी बाजू वर करून बाईंनी लिहिलं, ‘काड्यांची डबी. दिवस पहिला. पाणी तुंबलं.’ आणि खाली रेघा आखल्या.

ओरिएने आठ दिवस मोजलं होतं. बाईंनी पंधरा रेघा आखल्या.