उजवी मांडी

जुने मोजे आणि कापूस. जेवणाआधी पंधरा मिनिटं. डोळ्याच्या जागी एक तुटकं बटण. “सिस्टर, सुई टोचायच्या सरावाला संत्रं आणू का?”

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे. मुलांच्या दवाखान्यात, वजनकाट्याशेजारच्या कपाटात राहते. ज्यांच्या मुलाला नुकताच मधुमेह निघालेला असतो, ते आईबाप माझ्यावर इन्सुलिन टोचायला शिकतात. सुईत नुसतं पाणी असतं. सिस्टरांनी मला मोज्यांतून शिवलं. दोन्ही दंड, पोटाच्या दोन्ही बाजू, दोन्ही मांड्या, अशा टोचायच्या सहा जागी लाल ठिगळं लावली. मोठे डॉक्टर म्हणायचे, “रजा न मागणारी ही एकटीच.”

वर्षानुवर्षं सगळे माझ्या उजव्या मांडीवरच सराव करत. टेबलाच्या कडेला तीच येई. टोचून टोचून ती भुसभुशीत झाली. सुई अलगद आत जाई आणि आईबापांचा जीव भांड्यात पडे. मला त्या मांडीचा अभिमान होता.

एकदा सहा वर्षांची मुलगी आली. “हिला पण डायबेटीस?”

“तुझ्याआधीपासून,” सिस्टर म्हणाल्या.

“हिचं बरंय, रडत नाही,” बाप हसत म्हणाला. आईनं सुई दोनदा उचलून खाली ठेवली. सिस्टरांनी सांगितलं, जागा रोज बदला. पण बाहेर रांग होती, मला फिरवत बसायला वेळ नव्हता. म्हणून आईचा हात धरून त्यांनी वीस मिनिटं एकाच जागी, माझ्या उजव्या मांडीवर, सराव करून घेतला.

तोंडानं सहा जागा शिकवल्या, हाताला एकच.

पाच महिन्यांनी त्या मुलीला उचलून आणलं. उलट्या, खोल श्वास, डोळे अर्धवट मिटलेले. साखर इतकी चढलेली, की मशीन आकडाच दाखवेना. सिस्टरांनी चादर सारली. उजव्या मांडीवर लिंबाएवढी गाठ.

“रोज इथंच देत होता?”

“तिथं तिला दुखत नव्हतं हो,” आई म्हणाली.

“गाठीत औषध अडकून बसतं, ताई. रक्तात नीट पोचत नाही.”

बापानं चादर ओढून मुलीची मांडी झाकली.

तिसऱ्या दिवशी मुलीनं डोळे उघडले. आईनं मात्र पुन्हा सुई हातात घेतली नाही. आता बाप टोचतो, ती दाराबाहेर उभी राहते. सिस्टरांनी माझी मांडी उसवून कापूस बदलला. मला बरं वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी सुई असेल, तर ती जिथं सहज जाते तिथून मोठ्यांचा हात उचला. पुढची जागा दाखवा. थोडं दुखेल. दुखू द्या.

त्या पाच महिन्यांत आईनं एकही इंजेक्शन चुकवलं नव्हतं.