गाठी खोट्या, मापं खरी

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? वर्षानुवर्षं सरावलेल्या हातावर, की हात, पाय, जीव यातलं काहीच नसलेल्या माझ्यावर? घाई नको. आधी ओळख होऊ द्या.

मी सोनोग्राफीच्या यंत्राची परीक्षा घेणारा ठोकळा बोलतोय! पोटात जेलीसारखा गर, त्यात ठरावीक अंतरांवर ताणलेले नायलॉनचे धागे आणि मुद्दाम पेरलेल्या गाठी. गाठी खोट्या, पण मापं खरी. यंत्राला माझं पोट नीट दिसलं तर तुमचंही दिसेल, असा रोखठोक व्यवहार.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, एका छोट्या दवाखान्यात माझा मुक्काम. मला लोण्याचा डबा समजून एका पाहुण्या डॉक्टरनं माझं झाकण उचकटायला घेतलं होतं. सोनोग्राफी करणाऱ्या ऑक्सानाबाईंनी त्याला असं झापलं, की तो लोणी खायचंच विसरला असेल!

यंदा यंत्राची वार्षिक तपासणी करायला तपासनीस वेंडेल आला, तेव्हा बाहेर जोलीन बसली होती. आठवा महिना. बाळाची वाढ खुंटलीय का, हे आजच कळायला हवं होतं. बिचारी बर्फातून शेतावरून आलेली.

बाईंनी माझ्यावर कोमट जेल ओतलं. अहाहा! वर प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा यंत्राचा हातात धरायचा भाग, फिरू लागला. मला गुदगुल्याच गुदगुल्या.

"बाई, मनगट झुलवू नका. स्थिर धरा."

"आता मला नाचायला शिकवतोस होय रे, वेंडेल?"

बाईंनी प्रोब धरला स्थिर. पडद्यावर वरून खाली काळा पट्टा!

"हा ठोकळाच वाळलाय मेला!"

ऐका, माझ्यावर आळ!

"प्रोब जरा बाजूला सरकवा," वेंडेल म्हणाला.

सरकवला. माझे धागे सरकले, पट्टा मात्र जागच्या जागी. म्हणजे खोट प्रोबात! मी मनातल्या मनात उड्या मारल्या. बाईंचा हात इतका तरबेज, की नकळत मनगट हलवून तो पट्टा चुकवायचा. मग त्यांना तरी पत्ता कसा लागणार?

"आजच्या दिवस चालवू या का?" बाई पुटपुटल्या. "पोरगी एवढ्या लांबून आलीय."

"तुमच्या सुनेचं पोट असतं तर?"

बाईंनी प्रोब उपसून काढला आणि नोंदीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बाद'.

शेजारच्या गावी फोन गेला. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीचा चालक तिथला प्रोब मांडीवर घेऊन निघाला. तोवर जोलीननं बाईंच्या डब्यातल्या पेरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, फडशा पाडला.

"दोघांचं जेवतेय हं, बाई."

"मग आंबट साय पण घे. तिनं काय पाप केलंय?"

आलेला प्रोब आधी माझ्या पोटावर, मग तिच्या. बाळ महिन्याला साजेसं, गुटगुटीत! वर प्रोबलाच लाथ मारली पठ्ठ्यानं.

मी आजही फडताळात मजेत आहे. तुमच्याकडे एकच मागणं: नोंद करताना दिसलं तेच लिहा, दिसावंसं वाटलं ते नको. पट्टा दिसला, तर पट्टाच लिहा.